जाड्या पाचाचं गिऱ्हाईक

१

भाजी विकणाऱ्या बाईचं लक्ष तराजूवर असतं, अशी आपली समजूत. साधनाचं लक्ष त्या मार्च महिन्यात गिऱ्हाइकाच्या मुठीवर असायचं. मालेगावच्या बाजारात पोतं अंथरून ती बसायची. भेंडीची टोपली उजवीकडं, दुधी डावीकडं, आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या मांडीपाशी ओल्या फडक्यात. मूठ उघडायच्या आधीच तिला कळायचं, आत साधी चिल्लर आहे की जाडा पाच आहे.

पाचाचा तो जुना शिक्का. दोन शिक्के एकमेकांना चिकटवल्यासारखा जाड आणि हातात घेतला की वजन सांगणारा. बाजारात त्याला ठोकळा म्हणत. नवे पिवळे पाच आले तसा तो मागं पडला होता, पण संपला नव्हता. म्हाताऱ्यांच्या चंचीत, बायकांच्या कमरेच्या बटव्यात, चहाच्या गाड्यांवरच्या डब्यांत तो अजून निघायचा.

"काकू, नोट राहू द्या. ठोकळा हाय न तुमच्यापाशी, तो द्या."

"काहून वो? चिल्लर पाह्यली का बाकीच्या बाया तोंड वाकडं करतात."

"मी नाई करत. घ्या, सांबाराची जुडी वरून घ्या."

काकू खूश, साधना त्याहून खूश. संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन ती ऑटोनं आपल्या गावी, किन्हीराजाला परतायची, तेव्हा कमरेचा बटवा पोटाला लागत राहायचा आणि तिला सारा रस्ता हसू येत राहायचं. फाटकात मुकेश उभाच असे.

"निघाले?"

 बटवा नुसता हलवायची. त्या जड, दबक्या आवाजावर दोघं नवराबायको असे हसायचे, की जणू कुणाच्या बागेतल्या कैऱ्याच पाडून आले आहेत.

२

हे सुरू झालं गोविंदसिंगमुळं. कारंज्याच्या रस्त्याला त्याचं भंगाराचं आवार होतं. मुकेश पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीचं तांबं विकायला गेला, तेव्हा गोविंदसिंगनं गल्ल्यातून एक ठोकळा काढून तळहातावर उडवला.

"भाऊ, ये पाच रुपये नहीं है. ये धातू है. तांब्याचा भाव पाह्यला ना आज? इसमें तांबा है, निकेल है. पाच से ज्यादा तो इसका अंगच है."

तो चांगला भाव द्यायला तयार होता. अट एकच. शिक्के म्हणून आणायचे नाहीत, वितळवून लगडी आणायच्या. मुकेशनं उमेदीची काही वर्षं अकोल्यात एका कारखान्यात ओतकाम केलं होतं. भट्टी काय, मूस काय, त्याच्या हातचा खेळ होता.

"गुन्हा हाय म्हणते वो हा," साधना पहिल्यांदा म्हणाली होती.

"लोकं सोनं लपवतात, आपण चिल्लर लपवू. चिल्लरीचा हिशोब कोण मांगते?"

मग तिलाही चेव चढला. माल वाहायला एक निळा जुना टेम्पो विकायला उभा होता. त्याच्या पुढच्या सीटवर आपण बसलो आहोत, टोपल्यांना धरून मागं उभं राहायचं नाही, ऑटोवाल्याची मनधरणी नाही, आणि समोरच्या काचेवर मुलीचं नाव, रुचिका, असं तिला दिवसाढवळ्या दिसायला लागलं. भाव रोज चढत होता. मुकेश सकाळी उठला की आधी मोबाइलवर तांब्याचा दर बघायचा आणि मग तोंड धुवायचा. आत्ता नको, अजून थांबू, अजून चढू दे, असं म्हणत म्हणत मागच्या खोलीत तेलाचे रिकामे छोटे पिपे ठोकळ्यांनी भरत गेले.

सासू, गोजराबाई, एकदाच बोलली. "एवढ्या लोकाईच्या हातचं घरात कायले आणून राह्यले बाप्पा?"

"हातचं काय आत्याबाई, पैसाच तं आहे," साधना म्हणाली.

३

मागची खोली म्हणजे चार भिंती, वर टिनपत्रा आणि हातभर खिडकी. संध्याकाळी तोडलेली भाजी ओलं पोतं झाकून तिथं ठेवायची आणि पहाटे बाजाराला काढायची, हा लग्नापासूनचा रिवाज. पिपे भिंतीला लागून उभे, भाजी त्यांच्या पुढ्यात.

एका पहाटे साधनानं पोतं उचललं आणि तिचा हात तिथंच थांबला. भेंड्यांची टोकं मोडलेली होती. एकदोन नाही, अख्ख्या टोपलीतली.

भाजीवालीला याहून मोठा राग कशाचा नसतो. बाया येतात, भेंडी कोवळी आहे का बघायला टोक मोडतात, कटकन आवाज आला तर घेतात, नुसतं वाकलं तर ठेवून देतात आणि पुढं जातात.

"रुचे, तू शिरली होती का खोलीत?"

"नाई वो मम्मी." झोपेतली रुचिका डोळे चोळत म्हणाली. तिसरीतली पोर, खोटं बोलली की नाक उडायचं तिचं. आत्ता नाक उडत नव्हतं.

उंदीर असतील, असं म्हणत साधना टोपली आवरायला बसली. मोडलेली टोकं टोपलीच्या एकाच अंगाला पडली होती. विकणारी आत बसते आणि गिऱ्हाईक बाहेर बसतं, त्या बाहेरच्या अंगाला. आणि टोपलीच्या कडेला सातआठ भेंड्यांचा वेगळा ढीग होता. तिनं एक उचलून वाकवली. मोडली नाही. दुसरीही मोडली नाही. सगळ्या जून होत्या.

उंदीर भेंडी खातील, कुरतडतील, नासतील. निवडून ठेवत नाहीत.

त्या दिवशी बाजारात तिची भेंडी पडून राहिली. पण तीन बायांकडून ठोकळे निघाले, आणि परतताना ती पुन्हा हसत होती.

४

तिनं खोलीला कुलूप लावलं. किल्ली आपल्याच बटव्यात ठेवली. दुसऱ्या पहाटे दुध्यांवर नखं उमटली होती.

दुधी कोवळा आहे का हे सालीत नख रुतवून बघतात. चंद्रकोरीसारखी खूण राहते, तिच्यातून थेंबभर पाणी येतं आणि दुपारपर्यंत ती काळी पडते. साधनानं एकेक दुधी दाराच्या उजेडात फिरवून पाहिला. रुंद अंगठ्याचं नख, अरुंद बोटाचं नख, कडेला तुटलेलं एक नख. एक खूण इतकी लहान होती, की ते नख आईच्या कडेवरच्या लेकराचं असावं. काही खुणांतून अजून पाणी येत होतं.

"कुलूप तं जागेवर होतं," मुकेश म्हणाला. "तोडतानाच लागले असन, काल उजेडात दिसलं नसन."

"मी तोडले ते. मले दिसलं नसतं?"

"मंग कोण येणार हाय खिडकीतून, साधना? हातभर खिडकी ते. आन आलंच तं पिपे सोडून दुधी दाबून जाईन?"

मुकेशचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि त्याचंच तिला बरं वाटलं. शहाणा माणूस असाच विचार करतो, असं तिनं स्वतःला बजावलं.

दोन दिवसांनी दुपारी ती ओसरीवर मेथी निवडत होती. घर सुस्त पडलं होतं. कुठूनतरी बाजार ऐकू यायला लागला. मालेगावला शिरताना शेवटच्या वळणावर ऑटोत बसल्या बसल्या जसा ऐकू येतो तसा. शब्द नाहीत, नुसती हजार गळ्यांची गुणगुण, मध्येच एखादी बांगडी, मध्येच खोकला. तिनं मान वळवली. आवाज मागच्या खोलीतून येत होता.

मेथीची काडी हातात धरून ती दारापर्यंत गेली. कुलूप काढलं तसा आवाज थांबला. बोलता बोलता माणसं गप्प व्हावीत तसा थांबला. आत कुणी नव्हतं. पण हवा गरम होती आणि तिला वास होता. तंबाखूचा, खोबरेल तेलाचा, उन्हातून चालत आलेल्या अंगांचा.

पत्रा तापला की वाजतो. शेजारी टीव्ही असतो. तिनं दार लावलं, आणि तेवढ्यात मुकेश ओरडत आला, "आज पुन्हा चढला भाव. आता ओतू आपण." कुलपाची किल्ली तिनं लगबगीनं बटव्यात टाकली. भीतीनं की आनंदानं, हे तिला त्या घडीला सांगता आलं नसतं.

५

पहिला पिपा त्यांनी शेतात नेला. मोटारीच्या खोलीमागं मुकेशनं भट्टी मांडली होती. कोळसा रसरसला, पंखा घोंघावायला लागला, आणि ओंजळ ओंजळ ठोकळे मुशीत पडू लागले. पंखा साधनाकडं होता. घामानं पदर चिकटला तरी ती हटेना. असं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. शिक्के आधी लाल झाले, मग पांढुरके, मग एकमेकांच्या अंगावर लवंडले. पाचाचा आकडा बराच वेळ तग धरून राहिला आणि मग तोही पातळ झाला.

"पाह्य, पाह्य," मुकेश लहान पोरासारखा म्हणत होता. त्यानं चिमट्यानं मूस उचलली आणि लोखंडी साच्यांत रस ओतला. चार लगडी. वरचा पापुद्रा गुळगुळीत धरत गेला, तळ्याच्या पाण्यासारखा. दोघं ओणवून बघत राहिले.

पहिल्या लगडीवर एक खळगा पडला. हळूच, मधोमध. मऊ पदार्थावर अंगठा टेकवून दाबावा तसा. मग शेजारी दुसरा.

"हवा धरली होती, निघून राह्यली," मुकेश म्हणाला. "अकोल्यातबी होत जाय असं."

तिसरा पडला, चौथा पडला. दुसऱ्या लगडीवर, तिसऱ्या लगडीवर.  धातू अजून इतका तापलेला होता की हात दोन वीत वरही धरवत नव्हता.

थंड झाल्यावर साधनानं एक लगड उन्हात धरली. खळग्याच्या तळाशी बारीक बारीक रेघा होत्या, गोल फिरत गेलेल्या. मतदानाच्या यादीवर अंगठा उठवतात तशा. मुकेशनं आपला अंगठा त्यात बसवून पाहिला. बसला नाही. त्यानं लगड पोत्यात टाकली, आणि घरी येईपर्यंत तो हात पँटीला पुसत राहिला.

६

गोजराबाई दुपारी ओसरीवर लवंडायची. त्या दिवशी उठली आणि दंड खाजवत आत आली.

"सुनबाई, हे मच्छर नोहे. पाह्य बरं."

दंडाच्या सुरकुतलेल्या कातडीवर नखांच्या चंद्रकोरी होत्या. पाच-सहा, जवळजवळ.

"दुखते का आत्याबाई?"

"दुखत नाई. कोणंतरी दाबून पाह्यलं न ठेवून देलं, असं वाटलं झोपीत." म्हातारी हसली. "माह्यात काय राह्यलं आता. जून झाली मी."

साधना हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं भेंडीचा तो वेगळा काढलेला ढीग उभा राहिला. तिनं त्याच पावली मुकेशला मोटरसायकल काढायला लावली आणि लगडी घेऊन दोघं गोविंदसिंगकडं गेले. जे व्हायचं ते होवो, माल घरातून गेला की सुटलो, असा तिचा विचार.

आवार मोकळं होतं. भंगाराच्या ढिगांवर ऊन पडलं होतं, माणूस कुणी नव्हतं. गोविंदसिंग आत खुर्चीवर बसला होता. त्या उकाड्यात त्यानं मनगटापर्यंत बाह्या ओढून बटणं लावली होती. मुकेशनं पोतं उघडलं. गोविंदसिंगनं लगडीवरचे खळगे पाहिले आणि हात मांडीखाली घातले.

"ले जाओ भाऊ."

"काहून? तुमीच तं म्हणे लगड आणा."

"बोला था. अब नहीं मांगता." तो त्यांच्याकडं बघत नव्हता, त्यांच्या मागं, रिकाम्या आवाराकडं बघत होता. "मेरे इधर पहलेच लय गर्दी हो गई. आन रास्ते से हटके उभे राहा जरा. आने-जाने वालों को तकलीफ होती है."

साधना चटकन बाजूला सरली. सरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कुणासाठी सरलो हे आपल्याला ठाऊक नाही.

७

त्यानंतरचा बाजार मालेगावात लोकांच्या लक्षात राहिला असेल. साधना पोतं अंथरून बसली आणि ज्याला त्याला सुट्ट्यात ठोकळे द्यायला लागली. दहाची नोट दिली तरी ठोकळा, वीसची दिली तरी ठोकळे, भाजी घेतली नाही तरी बोलावून ठोकळा. "घ्या काकू, घ्या न मामा, तुमचेच आहेत." बाया हसत होत्या, पोरं रांग लावत होती. मुकेश किराणा दुकानं, पानटपऱ्या, बसस्टँड करत फिरला. एकेक शिक्का दुसऱ्याच्या तळहातावर पडला, की साधनाला आपल्या छातीवरून वीतभर दगड उचलला गेल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी पिपे रिकामे होते. टेम्पोचं स्वप्न गेलं होतं, पण तिला त्याची आठवणही आली नाही.

दुसऱ्या पहाटे भेंडी शाबूत होती, दुध्यांच्या सालीवर चरा नव्हता. तिनं टोपली उचलून नाकाला लावली. नुसता भाजीचा वास. त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत झालं, गोजराबाईनं दोन भाकरी जास्त थापल्या, आणि मुकेश जेवताना मोठमोठ्यानं बोलत होता.

शुक्रवारी ती रुचिकाला न्हाऊ घालत होती. हातावरून साबण फिरवताना बोट अडलं. कोपराच्या वर, कोवळ्या गोऱ्या भागावर एक चंद्रकोर होती. एकच. नीट, खोल, पूर्ण.

"हे कधी झालं?"

"काय मम्मी?"

साधना भाजीवाली होती. लेकीच्या दंडावर जे होतं ते तिला वाचता येत होतं. दहा ठिकाणी दाबून बघणारं गिऱ्हाईक घेत नाही, ते नुसता माल खराब करतं. जे एकदाच दाबतं आणि गप्प होतं, त्याचं मन झालेलं असतं. ते फक्त पैसे काढायला थांबलेलं असतं.

शिक्के परत गेले होते. पण चार लगडींत जे वितळलं होतं ते कुणाला परत गेलं नव्हतं. ज्यांचं होतं ते अजून रिकाम्या हातांनी घरात होते.

८

शनिवारी सकाळची शाळा होती, रुचिका अकराच्या सुमाराला यायची. सकाळी बाजार लवकर आवरून साधना घरी आली. गोजराबाई शेजारी गेली होती, मुकेश शेतात. मागच्या खोलीचं दार तिनं सताड उघडलं, जमिनीवर पोतं अंथरलं, निवडक भेंडी आणि दुधी मांडले आणि मधोमध त्या चार लगडी ठेवल्या. मग मांडी घालून बसली, बाजारात बसते तशी.

"या," ती म्हणाली. लगडी पुढं सरकवून पुन्हा म्हणाली, "या, घ्या. तुमचंच आहे."

पोत्याची पुढची कड दबली. कुणी उकिडवं बसताना गुडघा टेकवावा तशी. मग शेजारी दबली, मग आणखी एका जागी. खोली उबदार झाली. तंबाखू, खोबरेल, ऊन. लगडींपैकी एक थोडी सरकली, उलटली, पुन्हा सुलटी झाली आणि तिथंच राहिली. दुसरीचंही तसंच झालं. भाजीला तर कुणी शिवलंही नाही. साधनाला कळलं. इतक्या जणांचं एकात मिसळून गेलेलं, त्यातून आपलं आपलं वेगळं कसं उचलणार कुणी?

तिनं पदर सारला आणि आपला हात पुढं केला. "पोट्टीले राहू द्या. माह्यापासून घ्या."

कातडीवर नख टेकलं. क्षणभर तिला ते दिसलं. बाईचा अंगठा, नखाच्या भेगेत हळद, मनगटावर हिरव्या बांगड्या, आणि मनगटाच्या वर नुसती चुन्याची भिंत. अंगठ्यानं दाबलं. थांबून पुन्हा दाबलं. आणि मग उलट्या बोटांनी तिचा हात बाजूला सारला गेला. हजारदा तिनं हे पाहिलं होतं. जून दुधी बाया असाच सारतात.

अंगणात चपला वाजल्या.

पोत्याच्या दबलेल्या कडा एकदम वर आल्या. सारे उठले होते. गरम हवा तिला दोन्ही बाजूंनी घासून दाराकडं गेली. दारात दप्तर पाठीला लावून रुचिका उभी होती, आणि तिच्या झग्याची बाही हळूहळू आपोआप वर सरकत होती.

"तो माल इकलेला आहे," साधना म्हणाली. तिचा तो आवाज बाजारातला होता, गर्दीच्या वरून जाणारा. "इसार झाला तिचा."

हे तिला कुठून सुचलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. माहेरी, धनजला, तिच्या बापाची, रामकिसनची, संत्र्याची बाग होती. फळ झाडावर असतानाच व्यापारी इसाराची, म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ, रक्कम बापाच्या हातावर ठेवायचा. एकदा इसार झाला की दुसरा व्यापारी त्या झाडाकडं मान वळवूनही बघायचा नाही. बटव्यात सकाळीच एका म्हाताऱ्याकडून आलेला ठोकळा होता, उद्या तो कुणालातरी द्यायचा म्हणून ठेवलेला. साधनानं झेप घेतली, तो लेकीच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं घट्ट मिटली.

बाही खाली पडली.  मग दिवेलागणीला बाजार पांगतो तशी खोली पांगली. आधी कडेची हवा, मग मधली. राहिला तो नुसता तापलेला पत्रा.

"मम्मी, कोणाले बोलून राह्यली?"

"गिऱ्हाइकाले," साधना म्हणाली आणि तिला छातीशी धरून खूप वेळ हसत आणि रडत राहिली.

९

लगडी मुकेशनं पडीक विहिरीत सोडल्या. ठोकळा साधनानं फडक्यात शिवून रुचिकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं बांधला. "कोणालेच द्यायचा नाई. मांगितला तरी नाई." का, ते सांगितलं नाही. तिसरीतल्या पोरीला काय सांगणार? दंडावरची कोर पुसट होत गेली. एप्रिल निम्मा सरला, भेंडीला भाव आला, आणि साधना पुन्हा गिऱ्हाइकांच्या मुठीऐवजी तोंडाकडं बघायला शिकली.

शाळेचा शेवटचा दिवस होता. साधना ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत होती. रुचिका धावत आली, धापा टाकत, डोळे चमकत.

"मम्मी, मी धंदा केला."

"कायचा धंदा?"

"पाचाचे दहा केले." तिनं उजव्या हातातली कोरी नोट नाचवली. "गोविंदसिंग काकाबी एवढा भाव देत नोहता, बाबाच म्हणत जाय. शाळेपाशी लय गर्दी होती न, तठी एका बाईनं मांगितला. म्हणे, दुप्पट देतो."

साधनानं तिच्या गळ्याकडं पाहिलं. दोरा होता. फडकं उसवलेलं होतं.

"कोणती बाई?"

"तोंड नाई दिसलं वो, गर्दी होती. पण चांगली होती. मले म्हणे, आता झालं."

धनजच्या बागेत एका वर्षी सौदा फिसकटला होता. दुसऱ्या व्यापाऱ्यानं जास्त भाव दिला, आणि बापानं पहिल्याला बोलावून त्याचा इसार दुप्पट करून हातावर ठेवला होता. सौदा मोडायची रीत तीच. दुप्पट परत केलं की बंधन सुटलं, माल पुन्हा मोकळा. तिनं दिलेल्या पाचाचे दहा होऊन परत आले होते. साधनाच्या हातातली जुडी सुटली.

रुचिका बोलतच होती. बाईनं काय विचारलं, मैत्रिणी कशा बघत राहिल्या, या दहाचं काय काय घ्यायचं. उजव्या हातात नोट नाचत होती. डावा हात मात्र अजून खाली आलाच नव्हता. तो खांद्याच्या किंचित वर होता, बाजाराच्या गर्दीत मोठ्या माणसानं लेकराचा धरावा तसा, आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती.

तो हात हलकेच फाटकाकडं ओढला गेला. रुचिका एक पाऊल मागं सरली आणि हसली, जणू कुणी थट्टा केली.

साधनानं झडप घालून तिचा उजवा हात धरला, नोटेसकट. सारा जीव एकवटून तिनं आपल्याकडं ओढलं.

पलीकडून कुणी सोडलं नाही.